आलो की आले

४ मार्च

आज ग्रंथालयाच्या सभेत बारा मिनिटांत मी एक अख्खा पुस्तकप्रकार आडवा केला. तेराव्या मिनिटाला पुरलाही असता, पण घंटा वाजली.

घंटा ग्रंथपाल वाजवतात. वक्त्यांची वेळ मोजायचं काम गेली बावीस वर्षं त्यांच्याकडे आहे, आणि गेली बावीस वर्षं माझं सर्वांत चांगलं वाक्य ओठांवर आलं की त्यांचा हात घंटेवर पडतो. हा योगायोग नाही. मी योगायोग मानत नाही.

विषय होता जपानी चित्रकथा, ज्यांना मुलं मांगा म्हणतात. माझ्या भाचीचं दोन खोल्यांचं प्रकाशन आहे. तिनं त्यातली एक मालिका आपल्या भाषेत आणायला घेतली आहे. अकरा भाग, त्यातले तीन निघालेत. ग्रंथालयानं आणि त्याच्या शाखांनी ती घ्यावी की नाही, हे जुलैच्या सभेत ठरेल. मी सांगितलं की या पुस्तकांत डोळे बशीएवढे आणि विचार मोहरीएवढे असतात, आणि ज्या गोष्टीत माणसं वेश बदलून एकमेकांना फसवतात तिला प्रेमकथा म्हणणं हा भाषेचा अपमान आहे. टाळ्या पडल्या. लोक मला मागे "तोफ" म्हणतात, ते काही उगाच नाही. जुलैतही विरोधात मीच बोलेन, असा शब्द मी तिथल्या तिथे दिला. भाची मागच्या रांगेत होती. तीही टाळ्या वाजवत होती. धंद्यावर पाय आला तरी वक्तृत्वाची कदर आहे पोरीला.

निघताना ग्रंथपालांनी विचारलं, "पहिला भाग वाचलात का?"

मी म्हटलं, वाचला. पहिल्याच पानावर दोघं एकमेकांच्या मिठीत, आणि शेवटच्या पानावर ओळख नाही ना पाळख.

"कुठल्या बाजूनं वाचलात?"

"विरोधी बाजूनं," मी म्हटलं.

ते चष्मा पुसत बराच वेळ हसले. मी विनोद केला नव्हता.

९ मार्च

भाची आली आणि टेबलावर चौथा भाग ठेवून बसली. अनुवाद करणारी मुलगी दुसरी नोकरी लागली म्हणून सोडून गेली. जपानी जाणणारे एक प्राध्यापक शब्दाला शब्द लावून कच्चा मजकूर पाठवतात. तो बोलता करणारं माणूस हवंय, आणि ते मी व्हावं असं तिचं म्हणणं.

मी चाळीस मिनिटं नकार दिला. मुद्देसूद दिला. तिनं मधे दोनदा चहा केला. मग एक पान पुढे सरकवून म्हणाली, "मावशी, तू तीस वर्षं शाळेत मुलांना बोलायला शिकवलंस. ही पोरगी स्टुलावरून पडताना काय म्हणते बघ."

पोरगी म्हणत होती, "मी पतन पावत आहे."

असं पडण्याची वेळ कुणावरही येऊ नये. शत्रूच्या पुस्तकातल्या माणसावरसुद्धा.

मी अट घातली की नाव छापायचं नाही. जुलैत मला या मालिकेविरुद्ध बोलायचंय, शब्द दिलाय. भाची म्हणाली, बोल की, माझी काही हरकत नाही. पण ग्रंथालयानं नाही म्हटलं तर सातव्या भागानंतर मला गाडी थांबवावी लागेल, हे तुला माहीत असू दे. माहीत आहे, मी म्हटलं. तत्त्वापुढे भाची काय आणि मावशी काय. मग तिनंच टोपणनाव सुचवलं, "तटस्थ". आणि खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. या वयाच्या मुली कशालाही हसतात.

जाताजाता तिनं पुस्तक माझ्या हातात उलटं करून दिलं. ही पुस्तकं उजव्या बाजूनं उघडायची असतात म्हणे. म्हणजे मी पहिला भाग शेवटापासून वाचला होता. हे ग्रंथपालांना कळलं असेल का? शक्य नाही.

१२ मार्च

गोष्ट अशी. जुळे भाऊ-बहीण. भावाला घड्याळांच्या कारखान्यात उमेदवारीची जागा मिळते, आणि त्याच दिवशी तो एका वाद्यवृंदाबरोबर पळून जातो. जागा हातची जाऊ नये म्हणून बहीण केस कापते आणि त्याच्या नावानं जाऊन बसते. शेजारच्या बाकावर एक लांबोडका मुलगा आहे, मी त्याला "उंच्या" म्हणते. त्यानं या बहिणीला एकदा स्टेशनवर पाहिलंय, खऱ्या रूपात, आणि तेव्हापासून तो कामातून गेलाय. आता तो शेजारच्या "भावाला" गळ घालतो की माझी पत्रं तुझ्या बहिणीला दे. ती स्वतःला आलेली पत्रं खिशात घालते, उत्तरं लिहिते आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन होऊन त्याच्या हातात ठेवते.

अकरा भाग. "मीच ती" या दोन शब्दांत गोष्ट संपली असती. एवढं बोलायला माणसाला अकरा भाग लागतात यावर माझा विश्वास नाही.

पण एक अडचण खरीच गमतीची आहे. आपल्याकडे तोंड उघडलं की क्रियापद चुगली करतं. मी आलो की मी आले? प्राध्यापकांनी सगळीकडे "आलो/आले" अशी तिरपी रेघ मारून ठेवलीय. तिरपी रेघ मारून कुणी प्रेमात पडत नाही. सकाळभर विचार केला. या पुस्तकांत मोठ्यानं बोललेलं गोल फुग्यात असतं आणि मनातलं ढगात. ठरवलं की फुग्यात ती "आलो" म्हणेल, ढगात "आले". एकाच पानावर वर "मी दमलो" आणि खाली "मी दमले". वाचताना काळजाला जरा चिमटा बसतो.

चिमटा बसला म्हणजे पुस्तक चांगलं असं नव्हे.

२० मार्च

वसतिगृहात सगळी मुलं दाढी करायला रांगेत उभी. हिच्या हातात वस्तरा नाही. ती तोंडाला साबण फासते आणि कंगव्याच्या पाठीनं, अतिशय गंभीरपणे, दाढी करते. शेजारी उंच्या तिला विचारतो, कुठल्या कंपनीचं पातं रे, एकदाही कापलं नाही?

चहा नाकात गेला. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, बऱ्या आहात ना. सर्दी झालीय असं सांगितलं.

नोंद असावी म्हणून लिहिते. या भागात ती स्टुलावरून तिसऱ्यांदा पडते आणि तिसऱ्यांदा उंच्याच्याच हातात पडते. कारखान्यात दुसरं माणूस नाही का? दुसरं स्टूल नाही का? आणि छत्रीखाली दोघं चालतात त्याची अठरा पानं. अठरा पानांत मी एका संस्थेचा इतिहास सांगून दाखवीन.

२३ एप्रिल

चौथा भाग निघाला आणि "तटस्थ" यांना पत्र आलं. भाचीनं आणून दिलं. टाइप केलेलं, खाली सही "एक सावध वाचक". कोपऱ्यावर जांभळा डाग. बीट चिरता चिरता लिहिलेलं दिसतं.

"तटस्थ महाशय," म्हणतो, "फुग्यात आलो आणि ढगात आले, ही आपली युक्ती माझ्या लक्षात आली. माणूस लोकांत एक असतो आणि मनात एक, हे आपण एका काना-मात्रेत दाखवलंत. असं बारकाईनं वाचणारं माणूस फार वर्षांत भेटलं नव्हतं."

माझे जाहीर सत्कार झालेत, शाली मिळाल्यात. एका मात्रेबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. उत्तर लिहिलं. पुरुषी लिहिलं, अर्थातच. "मी आपला आभारी आहे, मी मानतो, मी समजतो." अवघड काही नाही.

१४ मे

सावध वाचकाचं दुसरं पत्र. बिचारा प्रेमात आहे. लिहितो, "माझी अडचण थोडी उंच्यासारखी आहे. एका बाईंचं बोलणं मी कित्येक वर्षं ऐकतो. ते ऐकण्यासाठीच मी जातो, असं म्हटलं तरी चालेल. पण माझं कामच असं की ते मलाच थांबवावं लागतं. त्या माझ्यावर चिडतात. त्यांचा राग दिसायला इतका छान आहे की मी कधी खुलासा केला नाही. आपण पुरुष आहात, आणि आपल्या लिहिण्यावरून समजूतदार दिसता. काय करावं?"

बायकांचं बोलणं थांबवणं हेच काम? दंतवैद्य असणार. तोंडात चिमटा घालून "आ करा" म्हणायचं आणि मग प्रश्न विचारायचे. त्या बाईंचे दात बरेच बिघडलेले दिसतात, वर्षानुवर्षं जातायत त्या अर्थी.

मला या बाई का कोण जाणे आवडल्या नाहीत.

१६ मे

दंतवैद्यांना उत्तर पाठवलं. नक्कल इथे ठेवते, कारण बरं उतरलंय.

"महाशय, आपलं पत्र वाचून मी आधी हसलो. मग थोडा वेळ खिडकीपाशी उभा राहिलो, आणि पुन्हा आपल्या पहिल्या ओळीकडे वळले. माझा सल्ला सरळ आहे. त्यांना एकदा पूर्ण बोलू द्या. माणूस सुरुवातीला बोलतो ते पाठ केलेलं असतं. खरं असतं ते शेवटी येतं, आणि तिथवर आपण त्यांना कधी पोहोचू दिलेलं नाही. हे मी अनुभवानं सांगतो."

दोनदा तपासलं. ताठ, पुरुषी, कुठे बोट ठेवायला जागा नाही.

२८ मे

दंतवैद्याचं उत्तर, जेमतेम तीन ओळी. "सल्ला मिळाला. पाळीन. ज्यांच्याविषयी लिहिलं होतं त्यांनी स्वतःच दिल्यासारखा वाटला." सुरुवातीला नुसतं "तटस्थ". "महाशय" गाळलंय. कामापुरती मैत्री. काम झालं की मान गेला.

दिवसभर चिडचिड झाली. सहाव्या भागाची तपासणी अर्धवट राहिली.

३ जून

ग्रंथालयात गेले होते, शब्दकोश पाहायला. ग्रंथपालांनी तो आधीच काढून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला होता. मी काय मागणार हे त्यांना कसं कळलं, विचारलं नाही. मग म्हणाले, "घसा जपा. जुलैत लागेल." आणि खोकल्याच्या गोळ्यांची डबी पुढे केली.

मी वाद घालून वाढलेली बाई आहे. सभेच्या तोंडावर शत्रू गोड झाला की समजावं, त्याला आपली भीती वाटतेय. गोळी घेतली, पण आभार मानले नाहीत. उलट सांगितलं की अंगठा धुवा, शिक्क्याच्या शाईनं जांभळा झालाय, पुस्तकांना लागेल.

"लागते कधीकधी," ते म्हणाले. "पत्रांनाही लागते."

कार्यालयीन पत्रव्यवहाराबद्दल मला सांगून काय उपयोग.

१७ जून

अनर्थ.

सहावा भाग चार दिवसांपूर्वी बाजारात गेला. भाचीचा सकाळी फोन, "मावशी, नव्वदावं पान उघड."

प्रसंग असा आहे. शहराच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ बंद पडतं. बहीण आणि उंच्या दुरुस्तीला वर चढतात. काम चालू असताना अचानक घंटा वाजते, डोक्यावर, कानठळ्या बसतील अशी. ती त्याची बाही घट्ट धरते आणि म्हणते, "मी घाबरले."

फुग्यात. ढगात नव्हे, फुग्यात. मोठ्यानं, उंच्याच्या कानाशी. पाच भाग जपलेलं बिंग मी एका मात्रेनं फोडलं.

मुद्दाम केलं नाही. हात असाच चालला. तीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल शाई ओतली आणि ही चूक माझ्या हातून. त्याहून वाईट म्हणजे प्राध्यापकांना फोन केला तर ते म्हणाले, मुळात तिथे "मी" नाहीच. "भीती वाटली" एवढंच आहे. आपल्याकडेही "भीती वाटली" म्हणता येतं की. भीतीच वाटते, वाटणारा कोण ते कळत नाही. सोपा, सुरक्षित, तयार शब्द हाताशी होता. मी तो का उचलला नाही?

भाचीकडे दोन दिवसांत एकेचाळीस पत्रं. निम्मे म्हणतात मुद्रणदोष. निम्मे म्हणतात की उंच्यानं ऐकलं, त्याला कळलं, आणि तो गप्प राहिला. किती सुंदर, असंही लिहितात. दंतवैद्याचंही आलंय, एकच ओळ. "नव्वदावं पान तीनदा वाचलं. चूक दुरुस्त करू नका, ही विनंती."

२५ जून

सातव्या भागाचा कच्चा मजकूर आला. चौतिसाव्या पानावर उंच्या एकटा बाकावर बसलाय, हातात घड्याळ. त्याच्या डोक्यावर ढग, "घंटा वाजली तेव्हाच मला कळलं होतं."

मुळातल्या उंच्याला तिनं बाही धरली त्यावरून कळलं, माझ्या उंच्याला मात्रेवरून. पण कळलं त्याच क्षणी. म्हणजे माझी चूक कथेला माझ्याआधी समजली होती.

आणि तो बोलत का नाही? मी ओरडलेच पुस्तकावर. माहीत असून रोज पत्रं देतो, रोज उत्तरं घेतो. काय म्हणावं या माणसाला. एवढं डोळ्यांसमोर असून तिलाही कळू नये की त्याला कळलंय. मठ्ठ आहे पोरगी.

४ जुलै

परवा सभा. भाषण तयार आहे, बारा मिनिटांचं. एकेक आरोप घासून लख्ख केलाय. फसवणूक. स्टूल. छत्री. मुलींना नोकरी मिळवायला मुलगा व्हावं लागतं, आणि यावर पुस्तक रागवायचं सोडून हसतं, हा आरोप सर्वांत धारदार आहे, आणि तो मला आजही खरा वाटतो.

पण हेही खरं की रोज सकाळी मी त्या टेबलाशी धावत जाते. हेही खरं की ग्रंथालयानं नाही म्हटलं तर आठवा भाग कधीच निघणार नाही. ती "मीच ती" कधी म्हणाली, हे मला कच्च्या मजकुरात कळेल, बाकी कुणाला कळणार नाही. आणि "तटस्थ" यांना पत्रं येणं थांबेल. शेवटचं कारण लिहायला नको होतं. शाईनं लिहिलंय, राहू दे.

भाची दुपारी येऊन गेली. तिला म्हटलं, तब्येत बरी नाही असं कळवू का? ती म्हणाली, "मावशी, मनात नसलेलं तू कधी बोललेलं मी ऐकलं नाही. परवाही बोलू नकोस." मग डबा धुऊन ठेवला आणि गेली.

आजवर मला दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या नव्हत्या. वक्त्याला ही सोय नसते.

६ जुलै

सभागृह भरलं होतं. माझ्या जुन्या विद्यार्थिनी, त्यांची मुलं, शाखांचे लोक. ग्रंथपाल टेबलाशी, समोर घंटा.

मी सुरुवात केली. फसवणूक झाली, स्टूल झालं, लोक हसले. छत्रीच्या अठरा पानांवर तर मागच्या रांगेनं बाकं बडवली. नोकरीचा मुद्दा मांडला तेव्हा सभागृह गप्प झालं, आणि तो मुद्दा आहेच गप्प करणारा. मग समारोपाचं वाक्य आलं, आणि मी सवयीनं थांबले. ते वाक्य गिळायची मला बावीस वर्षांची सवय आहे.

घंटा वाजली नाही.

मी वाक्य पूर्ण केलं. तरी नाही. टेबलाकडे पाहिलं, तर ग्रंथपालांनी घंटा उपडी ठेवली होती आणि दोन्ही हात मांडीवर. भिंतीवरच्या घड्याळात तेरावं मिनिट चालू होतं.

तेराव्या मिनिटाला काय बोलायचं हे मी जन्मात कधी तयार केलं नव्हतं. तोंड उघडलं आणि जे होतं ते आलं. कंगव्यानं दाढी करणाऱ्या मुलीबद्दल बोलले. चहा नाकात गेला तेही सांगितलं. म्हटलं, हे पुस्तक उथळ आहे आणि खोल आहे, आणि कुठल्या पानावर कुठलं होईल याचा नेम नाही. मग पाण्याचा घोट घेतला.

"सहाव्या भागात नव्वदाव्या पानावर एक चूक आहे," मी म्हटलं. "त्या मुलीच्या तोंडून निसटली असं बऱ्याच जणांना वाटलं. तिच्या नाही, माझ्या हातून निसटली. या व्यासपीठावर मी बावीस वर्षांत कधी तटस्थ नव्हते. गेले चार महिने तटस्थ मीच आहे."

सभागृहाला कळायला दोन क्षण लागले. मग जे हसू उठलं ते छतापर्यंत गेलं. मी भाचीकडे पाहिलं. ती हसत होती, पण तिला धक्का वगैरे काही बसलेला दिसला नाही. ती टाळ्या वाजवत होती, अगदी मार्चमधल्यासारख्या.

मी हात वर केला. म्हटलं की आरोप एकही मागे घेत नाही. पुस्तक मात्र घ्या. मुलांना वाचू द्या, आणि वाचून झाल्यावर माझ्याशी भांडायला पाठवा.

एका जुन्या विद्यार्थिनीनं उभं राहून विचारलं, बाई, उंच्याला खरंच कळलेलं असतं का? उत्तर जिभेवर आलं होतं. कसंबसं आवरलं. "सातवा भाग घ्या, मग कळेल," मी म्हटलं. मग पुस्तक घेण्यावर ग्रंथालयाच्या आणि शाखांच्या लोकांचं मतदान झालं. एकोणीस हात बाजूनं, सहा विरोधात. विरोधातल्यांचे मुद्दे मला पटण्यासारखे होते. मीच दिले होते.

एकतीस मिनिटं बोलले. घसा बसला.

बाहेर पायऱ्यांवर ग्रंथपाल उभे होते. गोळ्यांची डबी पुढे केली, आणि तिच्याखाली एक पाकीट. कोपऱ्यावर जांभळा अंगठा.

मी पाकिटाकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या भाषणानंतर माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "दंतवैद्य?"

"कोण?" ते म्हणाले.

सांगण्यात अर्थ नव्हता. विचारलं, कधीपासून माहीत होतं?

"सोळा मेचं पत्र. दुसरी ओळ. 'वळले'."

"मग बोलला का नाहीत?"

"मला घंटा वाजवायची सवय आहे," ते म्हणाले, "बोलायची तुम्हाला. आणि सल्ला असा होता की आधी तुम्हाला पूर्ण बोलू द्यावं."

मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि एकही शब्द न बोलता घरी आले. हे माझ्या बाबतीत याआधी झालेलं नाही.

७ जुलै

सकाळी पहिलं काम केलं ते सोळा मेचं पान उघडायचं. "मी आधी हसलो. मग थोडा वेळ खिडकीपाशी उभा राहिलो, आणि पुन्हा आपल्या पहिल्या ओळीकडे वळले." आहे. माझ्याच अक्षरात, दोनदा तपासलेलं. खाली मीच लिहून ठेवलंय, कुठे बोट ठेवायला जागा नाही.

फुग्यात दोनदा सांभाळलं आणि तिसऱ्यांदा ढगातलं बाहेर पडलं. त्या पोरीला मी मठ्ठ म्हटलं होतं. शब्द मागे घेते.

मग पाकीट उघडलं. टाइप केलेलं नव्हतं, हातानं लिहिलं होतं. त्यांचं अक्षर मी बावीस वर्षं "पुस्तक परतीची मुदत संपली आहे" या चिठ्ठ्यांवर पाहतेय. ते इतकं सुबक आहे हे आज दिसलं. "सात तारखेला पाच वाजता माझ्याकडे चहाला याल का? वेळेचं बंधन नाही."

चारला निघायचं ठरवलं होतं. साडेतीनला तयार होते. वाटेत तीन वेगवेगळी प्रास्ताविकं रचली. एकात मी त्यांना बावीस वर्षांच्या घंटांचा जाब विचारत होते, दुसऱ्यात आभार मानत होते, तिसऱ्यात दोन्ही. जिना चढेपर्यंत तिन्ही विसरले.

दाराशी घंटेचं बटण होतं. या वेळी घंटा मी वाजवली.

आतून पावलं आली, दाराशी थांबली. कोण असणार हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, "कोण?"

मोठ्यानं म्हटलं, फुग्यात मावेल एवढ्या आवाजात.

"मी आले."